फोटो नेमका कुठे फसतो? पक्षी, लाटा आणि प्रकाश टिपताना या चुका टाळा

पक्ष्याचा फोटो धूसर आला, लाटेचा नुसता पांढरा डाग उमटला किंवा डोळ्यांना सोनेरी दिसलेली संध्याकाळ पडद्यावर करडी उतरली, की हौशी छायाचित्रकाराचा पहिला संशय लेन्सवर जातो. मीही हा संशय बरीच वर्षे बाळगून होतो. नवी लेन्स घेतल्यावरही तसेच धूसर फोटो येऊ लागले, तेव्हा कुठे डोळे उघडले. बहुतेक वेळा दोष सेटिंगचा, वेळेचा किंवा उभे राहण्याच्या जागेचा असतो आणि त्यांपैकी नेमका कोणता, हे फसलेला फोटोच सांगतो. त्यामुळे पुढचे वाचताना आपले अलीकडचे वाया गेलेले फोटो समोर उघडून ठेवावेत आणि ते शंभर टक्के आकारात मोठे करून पाहावेत.

धूसरपणाचे चार प्रकार

‘फोटो हलला’ हे एकच निदान आपण चार निरनिराळ्या दोषांना लावतो आणि मग भलत्याच दोषावर उपाय करत बसतो. प्रथम पाहायचे ते हे, की फ्रेममध्ये निदान एखादी तरी वस्तू स्पष्ट आहे का.

फांदी, पाने, पक्षी असे सगळेच एका दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा पल्ला, जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा किंवा त्याहून वेगवान शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा काळ) ठेवावा, हा जुना नियम इथे अजूनही उपयोगी पडतो. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला १/४००, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) लहान, म्हणजे दृश्य कापून दीडपट मोठे दाखवणारा, दीडपट क्रॉपचा असेल तर १/६००. स्टॅबिलायझेशन असेल तर यात बरीच सवलत मिळते.

याच सवलतीतून दुसरी, माझ्या मते सर्वांत जास्त आढळणारी चूक होते. फांदीवरचे शेवाळसुद्धा स्पष्ट आहे आणि पक्षी मात्र पुसट आहे, असे दिसले तर हात स्थिर होता, हलला तो पक्षी. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर थांबवते, पक्ष्याला थांबवत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर अंतर कापतो. म्हणजे १/२५० सेकंदात तो ४ सेंटिमीटर पुढे सरकतो, तर १/२००० सेकंदात जेमतेम ५ मिलिमीटर. पंखांची टोके तर त्याच्या शरीराहूनही वेगाने हलत असतात. त्यामुळे बसलेल्या पक्ष्यासाठी १/५००, मान वळवत चरणाऱ्या पक्ष्यासाठी १/१००० आणि उडणाऱ्यासाठी १/२०००च्या आसपास, असा हिशेब मनाशी पक्का असावा. एवढा शटर स्पीड ठेवायचा तर आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) वाढवावा लागतो, आणि तिथे अनेकांचा हात अडतो. फोटोत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येईल या भीतीने आयएसओ ४००वर अडून राहायचे आणि त्यापायी पक्षी पुसट करून घ्यायचा, हा तोट्याचा व्यवहार आहे. कारण नॉइज नंतर बऱ्याच अंशी कमी करता येतो, पण हललेला डोळा परत स्पष्ट करता येत नाही. किमान शटर स्पीड ठरवून देऊन आयएसओ ऑटोवर सोडणे, ही सुरुवातीला सर्वांत सोपी तडजोड आहे.

तिसरा प्रकार म्हणजे पक्षी पुसट, पण त्याच्या पुढची गवताची काडी किंवा मागची फांदी लख्ख. इथे फोकस चुकला आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटर लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/५.६ला असताना १० मीटरवरच्या पक्ष्यासाठी स्पष्टतेची खोली सुमारे १४ सेंटिमीटर एवढीच मिळते, म्हणजे चोचीवर फोकस बसला तर शेपटी पुसट होणार हे गृहीतच धरावे. डोळा स्पष्ट असला की बाकीचे पाहणारा माफ करतो. पक्षी हलता असेल तर फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर ठेवावा, आणि दाट फांद्यांत संपूर्ण फ्रेमभर फोकस पॉइंट सोडण्याऐवजी एकच छोटा पॉइंट वापरावा. डोळा ओळखणारे नवे कॅमेरेही पानांच्या जाळीत फसतात.

चौथ्या प्रकारावर मात्र सेटिंगचा इलाज नाही. फ्रेममध्ये काहीच स्पष्ट नसते आणि कडा पाण्याखाली असल्यासारख्या थरथरत असतात. तापलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून वर चढणारी गरम हवा प्रकाशाला वाकवते, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका हा परिणाम अधिक दिसतो. ऊन चढण्याआधी जाणे किंवा अंतर कमी करणे, एवढेच आपल्या हातात असते. दुपारी दूरच्या तुतवार पक्ष्यांचे शंभर फोटो काढून लेन्स दुरुस्तीला टाकणारी माणसे मी पाहिली आहेत.

उडत्या पक्ष्याचे एकामागोमाग फोटो घेण्याची हौस नवी नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रे घेतली होती. आज अनेक साध्या कॅमेऱ्यांचा बर्स्टही (बटण दाबून धरल्यावर सलग येणारे फोटो) याच्या जवळपास किंवा पुढे जातो. त्यामुळे पक्षी दिसताच बटण दाबून धरण्याची सवय लागते, कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवणारी जागा, भरतो आणि पक्षी आपल्याकडे वळतो नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा अडकून बसतो. बर्स्ट अर्ध्या-एक सेकंदाचा घ्यावा, मग बोट उचलावे.

बगळा जळतो, पाणकावळा काळाठिक्कर पडतो

समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे मानून कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर काम करतो. ही छटा साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी समजली जाते. गडद पाण्यात उभा असलेला बगळा फ्रेमचा थोडाच भाग व्यापत असेल, तर मीटर पाणी उजळवण्याच्या नादात बगळ्याची पिसे पांढरीफटक करून टाकतो, आणि एकदा जळलेल्या पिसांतला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १पर्यंत न्यावे. उजळ आकाशापुढच्या पाणकावळ्यासाठी याच्या उलट, अधिक १ ते अधिक २ लागते.

‘पांढरा पक्षी म्हणजे उणे’ असे पाठ करणे ही पुढची चूक. तोच बगळा जवळ येऊन अख्खी फ्रेम व्यापू लागला, की मीटरला सगळे पांढरेच दिसते, तो ते करडे करायला पाहतो आणि मग उण्याऐवजी अधिक करावे लागते. निकष पक्ष्याच्या रंगाचा नाही, फ्रेममध्ये कोणत्या छटेचे क्षेत्र जास्त आहे याचा आहे. उडणारा पक्षी आकाशापुढून झाडीपुढे जातो तेव्हा पार्श्वभूमी बदलते, त्याच्यावर पडणारा सूर्यप्रकाश मात्र तोच असतो. अशा वेळी एक्स्पोजर मॅन्युअलवर एकदाच बसवून टाकणे कितीतरी सोयीचे.

फोटो बरोबर आला की नाही, हे कॅमेऱ्याच्या पडद्याच्या उजेडावरून ठरवू नये. संध्याकाळच्या अंधारात पडदा उजळ भासतो, भर उन्हात काळपट. हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ छटांचा आलेख, उजव्या भिंतीला टेकला आहे का आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी खूण पक्ष्याच्या अंगावर दिसते का, हे पाहावे.

प्रकाश सोनेरी होता, फोटो नाही

सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना त्याचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि उरतो तो तांबूस सोनेरी. हीच झाक ऑटो व्हाइट बॅलन्सला (रंगांची झाक आपोआप दुरुस्त करणाऱ्या सेटिंगला) दोष वाटते, आणि तो ती इमानेइतबारे काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, स्थिर ठेवला की रंग डोळ्यांना दिसला तसा टिकतो. फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) घेतला असेल तर ही चूक नंतरही निस्तरता येते, कॅमेऱ्यानेच तयार केलेल्या जेपेग फाइलमध्ये मात्र रंग ओढूनताणून आणल्यासारखा दिसतो.

सूर्याच्या बाजूचा पक्षी धड उजळ नाही आणि धड काळाही नाही, असा अर्धवट राहतो, कारण आपण निर्णय घेतलेला नसतो. छायाकृती हवी असेल तर आकाशाप्रमाणे एक्स्पोजर घेऊन चोच आणि पाय शरीरापासून सुटे दिसतील असा क्षण निवडावा. पिसांचा तपशील हवा असेल तर स्वतःच जागा बदलून सूर्य पाठीशी घ्यावा. डोळा लावून थेट दृश्य दाखवणारा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यातून लांब पल्ल्याच्या लेन्सने सूर्याकडे पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

सूर्य बुडताच ट्रायपॉड आवरून निघणारेही पुष्कळ. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश विषुववृत्ताजवळही सुमारे २१ मिनिटे टिकतो, इतरत्र त्याहून जास्त, आणि लाटांसाठी मला तरी तोच वेळ अधिक आवडतो, कारण आकाश आणि पाणी यांच्या उजेडातले अंतर तेव्हा कमी झालेले असते.

हे अंतर सागरचित्रांची जुनी डोकेदुखी आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे याच्या काळात फोटो टिपायला वापरल्या जाणाऱ्या रसायन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे समुद्र नीट यायचा तेव्हा आकाश जळायचे, म्हणून १८५०च्या दशकात त्याने काही चित्रांत आकाशाची आणि समुद्राची दोन वेगळी निगेटिव्ह जोडली. आज दोन एक्स्पोजर जोडता येतात, किंवा आकाश जळणार नाही असा एकच रॉ फोटो घेऊन सावल्या नंतर उजळवता येतात. पाण्यासाठी एक्स्पोजर धरून आकाश पांढरे पडू देणे तेवढे टाळावे.

लाटेला कोणता वेग द्यायचा

१/६० सेकंदाला घेतलेली लाट ना थिजलेली असते ना वाहती. ती फक्त चुकलेली दिसते. उडणारे थेंब हवे असतील तर १/१००० किंवा त्याहून वेगवान, फेसाच्या रेघा हव्या असतील तर पाव ते एक सेकंद, आणि सगळे पाणी धुक्यासारखे हवे असेल तर ३० सेकंदांच्या आसपास. रेघांसाठी लाट पुढे येताना नव्हे, तर परत जाताना शटर उघडावे, कारण ओसरणारे पाणी वाळूवरून फेस ओढत नेते. दिवसाउजेडी इतका संथ शटर मिळवायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, लागतो. दहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारा) फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटीने घटवतो, म्हणजे १/३० सेकंदाचे एक्स्पोजर ३४ सेकंदांचे होते. त्याऐवजी ॲपर्चर एफ/२२वर नेऊन छिद्र अगदी लहान करणे ही पळवाट आहे. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो.

ट्रायपॉड पक्का असूनही लांब एक्स्पोजरमधले खडक पुसट आले, तर पाय तपासावेत. लाट ओसरताना पायांखालची वाळू निसटते आणि ट्रायपॉड काही मिलिमीटर खचतो. पाय आधीच दाबून खोल रुतवावेत आणि पाणी एकदा येऊन गेल्यावरच फोटो घ्यावा. काही स्टॅबिलायझेशन यंत्रणा स्थिर ट्रायपॉडवर उलट हलवतात, तेव्हा ती बंद ठेवणे बरे. कुठेही उभे राहण्याआधी पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहावे, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि मधली शांतता फसवी असते. जिथला खडक ओला आहे तिथपर्यंत पाणी येते. समुद्राकडे पाठ करून लेन्स बदलू नये.

क्षितिज एका अंशाने कलले तर ६००० पिक्सेल रुंद फोटोत दोन टोकांमध्ये शंभराहून अधिक पिक्सेलचा फरक पडतो. नंतर सरळ करता येते, पण कडा कापल्या जातात, तेव्हा व्ह्यूफाइंडरमधली कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी लेव्हल चालू ठेवावी.

लेन्सवर उडालेले खारे पाणी कोरड्या कापडाने पुसणे ही मात्र महागात पडणारी चूक आहे, कारण वाळलेले मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने मीठ विरघळवून टिपावे, मग कोरडे कापड लावावे. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर फोटो दुधाळ येत असतील तर लेन्सवर वाफ धरली आहे. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

जवळ जाण्याची घाई

पक्षी लहान दिसतो म्हणून सरळ चालत जाणे, हा फोटो गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तो खाणे थांबवतो, मान उंचावतो, एकसारखा आपल्याकडे पाहतो किंवा ओरडतो, तेव्हा आपण आधीच जास्त जवळ गेलेलो असतो. दोन पावले मागे घेऊन खाली बसावे. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आल्यास पार्श्वभूमी आपोआप दूर जाऊन मऊ होते, आणि वरून घेतलेल्या फोटोत चिखलच चिखल दिसण्याचा दोषही मिटतो. घरट्याजवळ थांबू नये आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवू नये. घुसखोर आला असे समजून तो चारा आणि पिले सोडून धावत येतो, आणि असा मिळवलेला फोटो कितीही स्पष्ट असला तरी मला तो दाखवावासा वाटत नाही.

फसलेले फोटो तिथल्या तिथे, त्या छोट्या पडद्यावर पाहून पुसून टाकू नयेत. घरी मोठ्या पडद्यावर ते उघडून प्रत्येकाचा शटर स्पीड, ॲपर्चर आणि आयएसओ शेजारी वाचावा, आणि वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकी तो कोणता हे वहीत नोंदवावे. दोन-तीन फेऱ्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या, की एकच चूक पुन्हापुन्हा लिहिलेली सापडते.