गुठळी विरघळवायचं इंजेक्शन : घड्याळ कधीपासून धरायचं ते आधी समजून घ्या

माझे मामा सकाळी ६ ला उठले तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं, म्हणजे लकवा, आणि घरच्यांनी तासभर तळपायाला तेल चोळण्यात घालवला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शेवटचे ठणठणीत कधी बघितले? मामी म्हणाली रात्री १० ला, झोपताना. झालं, घड्याळ १० पासून धरलं गेलं आणि इंजेक्शन हुकलं. म्हणून कळकळीने लिहितोय.

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं, त्यात रक्तपेशी अडकून बसलेल्या असतात. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन असतंच, अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज (हीच ती गुठळी विरघळवायची इंजेक्शनं) दिलं की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते हे धागे कापत सुटतं. इकोस्प्रिनसारख्या (म्हणजे ॲस्पिरिन) रक्त पातळ करायच्या गोळ्या वेगळ्या, त्या नवीन गुठळी होऊ नये म्हणून असतात, झालेली विरघळवत नाहीत, हा गोंधळ खूप जणांचा होतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या लकव्यात हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोबडं बोलणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी शेवटचे ठणठणीत कधी दिसले ती वेळ आधी कागदावर लिहा, मग १०८ ला फोन, आणि चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो अशाच ठिकाणी न्या, कारण जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून बसलं की तास तिथेच जातात. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर ठसका लागून फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिन तर अजिबात नको, मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळतच नाही, ते सीटीतच दिसतं. रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन जीवच घेईल.

सोबत रोजच्या गोळ्यांची पाकिटं घ्या, वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं काही चालू असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर न विचारताच सांगा. वजनही माहीत असू द्या, डोस किलोवर ठरतो (अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०). बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा "उशीर का लावताय" म्हणून भांडू नका. आणि साडेचार तास उलटले तरी न्याच, काहींना एमआरआय बघून देता येतं, काहींची मोठी गुठळी मांडीच्या नसेतून नळी घालून ओढून काढतात.

हार्ट अटॅकमध्ये, ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर हेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत देतात. गावाकडे हेच जीव वाचवतं. यातलंच स्ट्रेप्टोकायनेज नावाचं इंजेक्शन स्वस्त पडतं, पण ते जिवाणूपासून बनतं, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, म्हणून एकदा घेतलं असेल तर पुन्हा ते देत नाहीत. फाईल जपून ठेवा.

इंजेक्शननंतर पहिले २४ तास शेजारी जागं माणूस पाहिजे. अचानक डोकं ठणकलं, उलटी झाली, बोलणं पुन्हा अडखळलं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त आलं, तर राउंडची वाट न बघता सिस्टरांना तिथल्या तिथे हाक मारा.