म्युलर-लायर भ्रम घरच्या कार्डशीटवर कसा मोजावा

एका रेषेच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले, त्यामुळे दुसरी मोठी भासते, असं दोन रेषांचं ते चित्र दाखवायचं, ‘बघा, दोन्ही सारख्याच आहेत’ म्हणायचं, समोरच्यानं ‘अरेच्चा’ म्हणायचं, की प्रयोग संपला! मानसशास्त्राचे बरेच प्रात्यक्षिक-वर्ग इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. भ्रम होतो हे फ्रान्झ म्युलर-लायरने १८८९ मध्येच दाखवून ठेवलं आहे. आपण शोधायचं ते हे, की समोर बसलेल्या या माणसाला तो किती सेंटिमीटर होतो.

साधन

कार्डशीटची १६ सेंमी लांब, दोन्ही बाजूंनी उघडी खोळ करा. तिच्या दर्शनी बाजूवर १० सेंमीची रेषा अशी काढा की ती बरोबर खोळीच्या उजव्या कडेला संपेल. तिच्या दोन्ही टोकांना बाण काढा. बाणाच्या भुजा अडीच सेंमीच्या, रेषेशी ३० अंशांचा कोन करून आत वळलेल्या. खोळीत सहज सरकेल अशी २२ सेंमीची पट्टी घ्या आणि तीच रेषा पुढे चालू ठेवल्यासारखी तिच्यावर काढा. उजव्या टोकाच्या भुजा मात्र बाहेर फाकलेल्या हव्यात. पट्टीच्या मागे त्या टोकापासून खोळीकडे वाढत जाणारे मिलिमीटर आखा. खोळीच्या कडेपाशी येणारा आकडा म्हणजे सरकत्या रेषेची लांबी.

अशीच दुसरी खोळ-पट्टी बाणांशिवाय, नुसत्या रेषांची करा. जिथे दोन रेषा भेटतात तिथे छोटी उभी खूण पुरे. बहुतेक जण ही करत नाहीत. मग आलेल्या आकड्यात भ्रम किती आणि त्या माणसाची मुळातलीच डावी-उजवी चूक किती, हे कधीच वेगळं काढता येत नाही. ही दुसरी खोळ नसेल तर प्रयोग करू नका.

प्रयुक्त

प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. ज्याला हे चित्र माहीत नाही असाच माणूस निवडा. वर्गातला मित्र नको, शेजारच्या काकू चालतील. भ्रम माहीत असला म्हणून दिसायचा थांबत नाही, पण हात सावध होतो आणि मुद्दाम थोडी जास्त रेषा ठेवतो.

सूचना आणि सुरुवातीची जागा

प्रयोग बिघडतो तो इथे. मलाही नीट जमायला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर लागला.

‘दोन्ही रेषा समान करा’ असं सांगितलंत, की माणूस परीक्षेला बसल्यासारखा मोजू लागतो. बोटं लावतो, नखानं अंतर धरतो, पेनची लांबी बघतो. त्याला वाटतं, बरोबर उत्तर द्यायचं आहे. आपल्याला उत्तर नको, त्याला काय दिसतं ते हवं. म्हणून सूचना एकदाच लिहून काढा आणि प्रत्येक प्रयुक्ताला शब्दशः तीच वाचून दाखवा: ‘ही पट्टी मागेपुढे सरकवा. तिच्यावरची रेषा खोळीवरच्या रेषेएवढी दिसली की थांबा. बोट किंवा कुठली वस्तू लावून मोजू नका. यात बरोबर-चूक काही नाही. कितीही वेळा मागेपुढे केलंत तरी चालेल.’ प्रयोगाचं नाव सांगू नका. ‘भ्रम’ हा शब्दही तोंडातून जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेची. पट्टी खूप बाहेर काढून दिली तर माणूस आत ढकलत येतो आणि बऱ्याचदा लवकर थांबतो. आत ढकलून दिली तर बाहेर ओढताना लवकर थांबतो. त्यामुळे अर्ध्या वेळा रेषा उघड मोठी आणि अर्ध्या वेळा उघड लहान ठेवून सुरुवात करायची, हे पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं: दर वेळी त्याच जागेवरून सुरुवात करू नका. पट्टी कायम १४ सेंमीवर ठेवून दिलीत, तर तीन-चार वेळांनंतर डोळ्याचं काम हातच करू लागतो. किती ढकलायचं ते त्याला पाठ होतं आणि आकडे कमालीचे सारखे येतात. विद्यार्थी खूश होतात, पण तिथे बघणं संपलेलं असतं. कधी १२, कधी १४.५, कधी ४, कधी ६ अशी जागा बदलत राहा.

मधे ‘छान’, ‘अजून थोडं’ काहीही म्हणू नका. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका. मागचा आकडा तुम्हीच वाचा, प्रयुक्ताला दाखवू नका.

चाचण्या

२४ पुरेत. खोळ डावीकडे ठेवून ६, मग कार्ड (म्हणजे पट्टीसकट खोळ) अर्धा फेरा फिरवून खोळ उजवीकडे ठेवून १२, पुन्हा डावीकडे ६. प्रत्येक सहामध्ये ३ वेळा मोठीपासून, ३ वेळा लहानपासून, क्रम मिसळून. साध्या रेषांच्या कार्डावर याच पद्धतीने आधी १२ घ्या, सराव त्यातच होतो.

हिशेब

दोन्ही कार्डांच्या सरासऱ्या काढा. समजा साध्या कार्डावर ९.९ आणि बाणांच्या कार्डावर ८.३ सेंमी आले, तर भ्रम १.६ सेंमी. फाकलेल्या टोकांची रेषा मोठी भासते, म्हणून ती आखूड ठेवली जाते. प्रत्येक आकड्यातून १० वजा करून येणाऱ्या चुकीचं उणे चिन्ह पुसून सरासरी काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. चिन्ह गेलं की एका दिशेचा कल आणि नुसता हाताचा हेलकावा यांची खिचडी होते. हेलकाव्यासाठी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप, वेगळं काढा.

आणि आकडा पुस्तकातल्यासारखा आला नाही म्हणून वहीत सुधारू नका. ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सने आधी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर १८९८ मध्ये आणि नंतर आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांवर हेच मोजलं. दोन्हीकडे भ्रम युरोपीय प्रयुक्तांपेक्षा कमी आला. हे निष्कर्ष आज अभ्यासले जातात ते त्याने आलेले आकडे आले तसे ठेवले म्हणून.

शेवटी पहिल्या ६ आणि शेवटच्या ६ चाचण्यांची सरासरी शेजारी मांडा. दोन्हीकडे खोळ डावीकडेच होती, त्यामुळे तुलना रास्त आहे. कोणीही काही शिकवलं नसताना सरावाने हा भ्रम कमी होतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स जड यांनी १९०२ मध्ये दाखवलं. २४ चाचण्यांत फरक छोटाच असेल. तो नीट पाहायचा असेल तर त्याच प्रयुक्ताला सलग काही दिवस रोज बसवा, कार्ड आणि सूचना तीच ठेवा, आणि सगळे दिवस संपेपर्यंत त्याला एकही आकडा सांगू नका.