गाडीचा फॅन बेल्ट घरी बदलायचा तर

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चीं-चीं येतं आणि मिनिटभरात थांबतं. बेल्ट ओला झालाय, एवढंच असेल तर काळजी नाही. पण कोरड्या दिवशीही, त्यातून एसी लावल्यावर, आवाज येत असेल तर बेल्ट तपासायलाच हवा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर त्याच्यावर फिरतात, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही. वॉटर पंप त्याच्यावर असेल आणि बेल्ट ऐन ट्रॅफिकमध्ये तुटला, तर काही मिनिटांत इंजिन तापतं.

हा बाहेरचा बेल्ट. टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो. त्यात चूक झाली तर व्हॉल्व्ह वाकू शकतात, म्हणून त्याला घरी हात लावू नका.

हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. ते तडकण्याआधी झिजतात, त्यामुळे भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असं नाही. रिब, म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उभार रेघा, बारीक होतात, मधल्या खाचा रुंदावतात आणि बेल्ट पुलीवर घसरायला लागतो. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवाही तसाच खराब होईल.

विकत घेताना जुन्या बेल्टवरचा नंबर बघा. ६पीके१७५० म्हणजे सहा रिब आणि १७५० मिलिमीटर लांबी. मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत; तिथे जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगायची तयारी ठेवा. एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचा बेल्ट वेगळा असू शकतो.

इंजिन थंड हवं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा, पोडियमच्या रॅम्पवर हे काम नको. हँडब्रेक लावा आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. इंजिन आडवं असलेल्या गाड्यांत बहुधा पुढचं एक चाक आणि त्याच्या मागचं प्लास्टिकचं कव्हर काढावं लागतं. गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. कव्हरच्या क्लिपा जुन्या झाल्या की तुटतात, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.

आता बेल्ट कुठून कसा गेलाय, त्याचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. हे राहिलं की पुढचा तासभर डोक्याला ताप. टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीच्या, बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून बेल्ट ढिला होईल त्या दिशेला दाबा, तो एका पुलीवरून सरकवा आणि टेन्शनर हळूहळू परत सोडा. झटक्यात सोडला तर त्याला इजा होते. टेन्शनरच नसलेला स्ट्रेच बेल्ट असेल तर तो बसवायला खास टूल लागतं, ते काम गॅरेजचंच.

बेल्ट निघालाच आहे, तर प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा डुगडुग लागली तर बेअरिंग गेलंय. ते न बदलता नवा बेल्ट घालणं म्हणजे पैसे फुकट.

नवा बेल्ट फोटोप्रमाणे ओवा. रिबची बाजू खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. टेन्शनर पुन्हा दाबून बेल्ट शेवटी सोयीच्या पुलीवर चढवा. मग टॉर्च मारून प्रत्येक पुली बघा: एखादी रिब खाचेबाहेर राहिली, तर बेल्ट थोड्याच वेळात कडेने फाटतो. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. क्रँक पुली (इंजिनची मुख्य पुली, जी बेल्ट फिरवते) पान्याने तिच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवून पुन्हा बघा. मगच बॅटरी जोडा आणि गाडी सुरू करा.

टेन्शनर ऑटोमॅटिक नसेल तर अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून ताण तुम्हालाच द्यावा लागतो. किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. ढिला राहिला तर बेल्ट घसरतो, फार ताणला तर अल्टरनेटर किंवा वॉटर पंपचं बेअरिंग खातो. नवा बेल्ट थोडा सैल पडतो, म्हणून काही दिवसांनी ताण परत तपासा.

तरीही आवाज येत असेल तर चालू इंजिनवर, हात आणि कपडे दूर ठेवून, रिबच्या बाजूला थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे; क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. बेल्टवर मारायचे स्प्रे दुकानात मिळतात, ते घेऊ नका. आवाज दबतो, बिघाड तसाच राहतो.