दाळ कोरडी मोजा : भाकर-वरणातून पुरेसं प्रोटीन

लातूरमध्ये मी मेस चालवते. नीटची तयारी करायला आलेली लेकरं जेवायला असतात आणि गावाकडून त्यांच्या आयांचे फोन येतात, "काकू, पोरगं दाळ खायलंय का?" खातं, रोज खातं. पण वाटीत दाळ किती आणि पाणी किती, हे विचारायला हवं. आपल्याकडे तुरीच्या दाळीला तोटा नाही, दाळमिली तर गावातच आहेत. तरी लेकरांना प्रोटीन कमी पडतं, कारण वरण पातळ होतं.

म्हणून दाळ शिजायच्या आधी, कोरडी असतानाच मोजायची. 100 ग्रॅम तूरदाळीत साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं. माझी एक मूठ दाळ काट्यावर 40 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास 9 ग्रॅम प्रोटीन. एका वेळेला माणशी एक मूठ धरा आणि वरण पळीवाढं ठेवा. तीच मूठ तिघांत वाढवली तर प्रत्येकाच्या वाट्याला 3 ग्रॅम येतं, मग वाटी कितीही काठोकाठ भरा. वाढताना पळी तळापासून ढवळून घ्यायची. दाळ खाली बसते, आणि घाईत वाढणारा वरचं पाणीच वाढतो. मटकीचंही तसंच आहे. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त दिसते, पण ते पाणी असतं. पचायला हलकी होते हा तिचा फायदा खरा, पण मोजायची भिजवायच्या आधीच.

लागतं किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम सांगितलंय. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम झालं. 16 ते 18 वर्षांच्या मुलाला साधारण 55 आणि मुलीला 46. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून जास्त.

आता आपल्या ताटाचा हिशेब घाला. ज्वारीची मध्यम भाकर 80 ग्रॅम पिठाची, तिच्यात 8 ग्रॅम. दुपारी दोन भाकरी झाल्या तर 16. त्यावर मूठभर दाळीचं वरण 9, शेंगदाण्याची चटणी दोन चमचे 3-4. एका जेवणात 28 च्या पुढं गेलो की नाही? संध्याकाळी 30 ग्रॅम फुटाणे, 6 ग्रॅम. रात्री पोळी-उसळ आणि वाटीभर दही. सकाळच्या पोह्यात किंवा सुशील्यात शेंगदाणे हात न आखडता टाकायचे. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रोटीन असतं, दाळीपेक्षा जास्तच. पण तेलही खूप असतं, म्हणून मुठीवर थांबायचं.

मग नुसत्या भाकरीवर भागवलं तर? नाही भागत. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि दाळीत तो भरपूर. दाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी-तिळातून मिळतं. दोन्ही एकाच घासात लागत नाहीत, दिवसभरात पोटात गेली की झालं. जी मुलं भाकर सोडून नुसत्या भातावर वरचं वरण घेऊन उठतात, त्यांचीच मला काळजी वाटते. त्यांना मी धपाटे देते. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, लसूण, मिरची, जिरं, वरून तीळ. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे, सोबत दही. चारही गोष्टींत प्रोटीन, आणि नखरे करणारं पोरगंही दोन खातं.

थंडीत हुलग्याचे शेंगोळे आणि माडगं करा. हुलग्यात तुरीइतकंच प्रोटीन असतं. वेळ अमावास्येची भज्जी तर तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि बेसन यांनीच भरलेली असते. ती वर्षातून एकदाच का करायची? ओले दाणे बाजारात आहेत तोवर दर आठवड्याला होऊ शकते. जवसाची आणि कारळ्याची चटणी ताटात असावीच.

दोन गोष्टी डॉक्टरांकडे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी विचारा. आणि दूध-दही, अंडी काहीच घेत नसाल तर बी-12 तपासून घ्या, ते दाळीतून मिळत नाही.

सोयाबीनबद्दल मला तळमळीनं सांगायचंय. आपल्या शिवारात जिकडं तिकडं सोयाबीन, 100 ग्रॅममध्ये 36 ते 40 ग्रॅम प्रोटीन, आणि ते खळ्यावरून थेट आडतीला जातं. घरासाठी चार पायल्या ठेवा हो! मात्र कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो. निवडून, धुवून, उकळत्या पाण्यात 25 मिनिटं ठेवा. निथळून फडक्यावर कडक वाळवा. मग 9 किलो गव्हाला 1 किलो सोयाबीन घालून गिरणीत द्या. पोळीची चव फारशी बदलत नाही. दळण आणायला वेळ नसेल तर सोयावडी घ्या, 25 ग्रॅम कोरड्या वडीत 12-13 ग्रॅम प्रोटीन असतं. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा म्हणजे वास जातो, आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडा. पीठ मात्र पंधरा-वीस दिवसांपुरतंच दळून आणा. सोयाबीनमध्ये तेल असतं, उन्हाळ्यात पीठ लवकर खवट होतं.