वगळायच्या शब्दांची यादी लावताना या चुका टाळा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं रुजू झाली की घर शोधायला लागतात आणि माझ्याकडे एक टेक्स्ट फाइल येते. व्हॉट्सॲप ग्रुपमधून एक्स्पोर्ट केलेल्या भाड्याच्या जाहिराती. नको ते शब्द वेगळ्या फाइलमध्ये, एका ओळीत एक असे लिहायचे आणि टर्मिनलमध्ये ओळी शोधणारी कमांड 'ग्रेप -व्ही -एफ वगळा.टीएक्सटी जाहिराती.टीएक्सटी' चालवायचं. स्मॉल एफ यादी वाचतो, स्मॉल व्ही जुळलेल्या ओळी गाळतो. आधी एकदा व्ही काढून चालवा, म्हणजे काय फेकलं जाणार ते दिसतं. मी हे कधीच चुकवत नाही, कारण चांगलं घर हातचं गेलं तर ते कळतही नाही.

सगळ्याच ओळी गायब झाल्या? यादीत रिकामी ओळ आहे. रिकामा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो. ती ओळ काढा, बाकी काही नाही.

उलट, काहीच गाळलं गेलं नाही तर यादी बहुधा विंडोजवर बनलेली असते. तिथे प्रत्येक शब्दामागे न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटतं. फाइल दाखवणाऱ्या 'कॅट'ला कॅपिटल ए देऊन पाहिलं की ओळीच्या शेवटी '^एम' दिसतं. 'डॉसटूयुनिक्स'ने ते जातं. फक्त पहिलाच शब्द लागू होत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी खूण आहे, ती बीओएमशिवाय यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

वरच्या कमांडमध्ये कॅपिटल एफही जोडायला विसरू नका, तो यादीतलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं शोधतो. तो नसेल तर टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. '२.५' वगळायला गेलात तर 'फ्लॅट नंबर २०५'ही जातो.

आता खरी डोकेदुखी, आपल्या स्टेशनांची नावं. एकीने यादीत 'दिवा' आणि 'कळवा' लिहिलं होतं. 'दिवाळीनंतर रिकामा होईल' अशी घणसोलीची उत्तम जाहिरात गेली, कारण 'दिवाळी'त 'दिवा' आहेच. त्यावर स्मॉल डब्ल्यू लावला की फक्त पूर्ण शब्द जुळतो. पण 'इच्छुकांनी कळवा' यातला 'कळवा' पूर्ण शब्दच आहे, तिथे डब्ल्यू काय करणार? शिवाय 'दिव्यात' आणि 'कळव्याला' डब्ल्यू असो वा नसो निसटतातच, कारण त्यांत 'दिवा' आणि 'कळवा' सलग येतच नाहीत. मी यादीत नुसतं 'कळवा' लिहीतच नाही. 'कळव्या' लिहिते, डब्ल्यू न लावता. क्रियापदाचं असं सामान्यरूप होत नाही, त्यामुळे 'कळव्यात', 'कळव्याला', 'कळव्याहून' सगळं सापडतं आणि 'फोन करून कळवा' सुरक्षित राहतं. जोडीला 'कळवा पूर्व', 'कळवा पश्चिम', 'कळवा स्टेशन'. मराठीत गावाचं नाव विभक्तीसकट विचारात घ्यावं लागतं. इंग्रजी यादीची सवय इथे चालत नाही.

पायथॉन वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. त्याचं नेहमीचं 'आरई' मॉड्यूल काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग धरत नाही. 'कोपर'भोवती शब्दसीमा लावली तरी ते 'कोपरी'तल्या 'र'नंतर शब्द संपला असं मानतं आणि ठाण्याच्या कोपरीची जाहिरात गाळतं. वेगळं 'रेजेक्स' मॉड्यूल इन्स्टॉल करून वापरा, त्यात हे बरोबर होतं.

'राहणाऱ्यांसाठी' हा शब्द डोळ्यांना सारखा दिसूनही जुळत नसेल तर 'ऱ्य' तपासा. कुणी तो 'ऱ' वापरून टाइप करतो, कुणी साधा 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह वापरून. गाळण्याआधी मजकूर बदलणाऱ्या 'सेड' कमांडने दोन्ही फाइलींमध्ये एकच रूप करून घ्या.

निकाल त्याच मूळ फाइलमध्ये वळवू नका. ग्रेप वाचायला लागण्याआधीच कमांड चालवणारा शेल ती रिकामी करतो.

आणि व्हॉट्सॲपचा एक मेसेज म्हणजे एक ओळ नव्हे. ठिकाण पहिल्या ओळीत, भाडं दुसऱ्या, फोन तिसऱ्या. ठिकाणाची ओळ गाळली तरी भाडं आणि फोन मागे लोंबकळत राहतात आणि वरच्या भलत्याच घराला जोडलेले वाटतात. आमच्या एका मुलाने तसाच फोन लावून तुर्भ्याचं घर समजून दिव्याचं पाहायला वेळ ठरवली. एक्स्पोर्टमध्ये प्रत्येक मेसेज तारखेने सुरू होतो. तारीख नसलेली ओळ 'ऑक' कमांडने आधीच्या ओळीला जोडा, मगच यादी लावा.