नव्या राष्ट्राध्यक्षांची आर्थिक धोरणे जोखताना या चुका टाळा

नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेतात आणि आठवड्याभरातच त्यांच्या अर्थकारणावर निकाल देण्याची घाई सुरू होते. हे निकाल कोठे चुकतात, हे तपासण्यासाठी श्रीलंकेइतके बोलके उदाहरण आपल्या शेजारात दुसरे नाही. तेथे पाच वर्षांच्या अंतराने दोन राष्ट्राध्यक्ष निवडून आले: नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके.

पहिल्या स्वागताला पुरावा मानणे

राजपक्षे यांच्या सरकारने सत्तेवर येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि १ डिसेंबर २०१९ पासून तो लागूही केला. व्यापारी आणि ग्राहक दोघांनाही हायसे वाटणे स्वाभाविक होते. मात्र करकपातीची बातमी वाचताना पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की बुडालेला महसूल कोठून भरून काढला जाणार आहे. याचे पटणारे उत्तर सरकारकडे नव्हते. पुढे सरकारी महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्याही खाली गेला, पतमानांकन घसरले, परदेशी बाजारातून नवे कर्ज मिळणे बंद झाले, तूट भरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने नोटा छापल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. या सगळ्याचे खापर एकट्या करकपातीवर फोडणे हीही चूकच ठरेल, कारण २०१९ च्या ईस्टरमधील बॉम्बस्फोटांनी आणि नंतर कोविडने पर्यटनाचे कंबरडे मोडले होते आणि कर्जाचा डोंगर त्याआधीपासूनच उभा होता. तरीही संकट आले तेव्हा हाताशी असायला हवा होता तो महसूल सरकारने स्वतःहून सोडून दिला होता, ही जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

पक्षाच्या इतिहासावरून धोरण ओळखणे

दिसानायके ज्या जनता विमुक्ती पेरमुना पक्षाचे नेते आहेत, त्याने १९७१ मध्ये आणि १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केले होते. त्यामुळे हा मार्क्सवादी वळणाचा नेता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेला करार मोडीत काढेल, अशी भीती काहींना होती, तर काहींना तशी आशा होती. प्रत्यक्षात मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेला सुमारे ३ अब्ज डॉलरचा कर्ज-कार्यक्रम त्यांनी चालू ठेवला.

येथे लगेच दुसऱ्या टोकाची चूक होते. कोणी याला विश्वासघात म्हणतो, कोणी मतपरिवर्तन. पण नव्या राष्ट्राध्यक्षांना मोकळी जागा किती होती, हे फारसे कोणी मोजत नाही. सरकारी रोख्यांमार्फत कर्ज देणाऱ्या रोखेधारकांशी कर्जफेरबांधणीची, म्हणजे परतफेडीच्या अटी बदलण्याची, तत्त्वतः सहमती १९ सप्टेंबरला, म्हणजे मतदानाच्या अवघ्या दोन दिवस आधी, जाहीर झाली होती. संसदेत त्यांच्या आघाडीचे तीनच सदस्य होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत २२५ पैकी १५९ जागा मिळाल्यानंतर मात्र ही सबब उरली नाही. म्हणून माझ्या मते त्यांच्या आर्थिक कामगिरीचा खरा हिशेब सप्टेंबरपासून नव्हे, तर नोव्हेंबरपासून मांडायला हवा.

नियुक्तीतील नाव पाहणे, पण पदाचे अधिकार न पाहणे

मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नंदलाल वीरसिंघे पदावर कायम राहिले, यावरून अनेकांनी सातत्याचा निष्कर्ष काढला. परंतु २०२३ च्या कायद्याने गव्हर्नरांना सहजासहजी हटवणे अवघड केले आहे आणि बँकेने सरकारला थेट पैसा पुरवण्यावर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे या पदावरून राष्ट्राध्यक्षांचा कल फारसा कळत नाही. जेथे त्यांना खरोखर निवड करता येत होती, ती पदे अधिक बोलकी आहेत. आधीच्या सरकारच्या काळातील वित्त सचिव महिंदा सिरिवर्धना यांना त्यांनी ठेवून घेतले आणि अर्थखाते स्वतःकडे राखले. वाटाघाटींची सूत्रे अनुभवी हातांत आणि राजकीय जबाबदारी आपल्या शिरावर, अशी ही रचना होती आणि ती विचारपूर्वक केलेली दिसते.

आधीच्यांचे श्रेय किंवा दोष नव्यांना देणे

सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ७० टक्क्यांवर पोहोचलेली महागाई सप्टेंबर २०२४ मध्ये शून्याच्याही खाली आली होती. दिसानायके यांनी त्याच महिन्यात शपथ घेतली. हा आकडा त्यांच्या कारभाराचा असूच शकत नाही.

लहान वाटणाऱ्या निर्णयाकडे दुर्लक्ष करणे

जानेवारी २०२५ मध्ये वीजदर सरासरी २० टक्क्यांनी कमी झाले. औपचारिक निर्णय नियामक आयोगाचा होता. वीज मंडळाने दर आहेत तसेच ठेवण्याचा प्रस्ताव दिला होता. सामान्य कुटुंबाला, विशेषतः दोन वर्षे भरमसाट बिले भरलेल्या कुटुंबाला, हा दिलासा मोलाचा होता आणि तो नाकारणे कोणालाही जड गेले असते. तथापि दर उत्पादनखर्चाच्या खाली गेले, तर वीज मंडळाचा तोटा शेवटी तिजोरीवरच येतो, आणि खर्च भरून निघेल असा दर ठेवणे ही नाणेनिधीच्या कार्यक्रमातील अट होती. जूनमध्ये दर १५ टक्क्यांनी वाढवावे लागले. सरकारच्या आर्थिक शिस्तीची परीक्षा अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा अशा दरपत्रकांत जास्त होते, म्हणून निरीक्षकाने ती तारीखवार टिपून ठेवावीत.

नियुक्त्यांच्या पहिल्या यादीवर थांबणे

जून २०२५ मध्ये सिरिवर्धना पदावरून गेले आणि त्यांच्या जागी अर्थखात्याचे उपमंत्री हर्षना सुरियप्पेरुमा वित्त सचिव झाले. प्रशासकीय अधिकाऱ्याच्या जागी सत्ताधारी गटातील माणूस येणे, हा पहिल्या महिन्यातील कोणत्याही नियुक्तीपेक्षा मोठा बदल आहे. ज्यांनी २०२४ मध्येच मत बनवून विषय मिटवला, त्यांच्या हिशेबात तो येतच नाही. व्याज वगळता राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.३ टक्के शिल्लक राखण्याचे नाणेनिधीच्या कार्यक्रमातील लक्ष्य आता या नव्या सचिवांच्या हाताखाली कसे सांभाळले जाते, यावरून त्या नियुक्तीचे मोल ठरवता येईल.