उबंटूवर स्नॅप टाळून टर्मिनलमधून फायरफॉक्स कसा बसवावा

उबंटू 22.04 पासून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं की डेब (उबंटूचं नेहमीचं पॅकेज) नव्हे, स्नॅप (आपल्या कप्प्यात बंदिस्त चालणारं पॅकेज) येतो. उबंटूच्या भांडारातलं (पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्यातलं) फायरफॉक्स पॅकेज नावापुरतं आहे. ते बसताना स्नॅप स्टोअरमधून ब्राउझर ओढून आणतं. ज्यांचं त्यावर भागतं त्यांनी खुशाल तोच ठेवावा. पण टेम्प फोल्डरमधली एचटीएमएल फाइल किंवा होममधली टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल उघडायला गेलात की तो आडवा येतो. त्यावर उपाय मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं डेब पॅकेज. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

ब्राउझर बंद करा. होममधल्या स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन इथलं '.मोझिला' फोल्डर (यात तुमचे बुकमार्क वगैरे असतात) 'सीपी -ए' वापरून थेट होममध्ये कॉपी करा. मग 'सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स'.

मोझिलाची सही-किल्ली (पॅकेज खरंच मोझिलाचं आहे का हे पडताळणारी फाइल) डब्ल्यूगेट या आज्ञेने उतरवून /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि ॲप्टला मोझिलाचं भांडार कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून या किल्लीचा पत्ता द्या. 'ॲप्ट-की ॲड' सांगणारे लेख सरळ बंद करा, ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली आहे.

इथवर सोपं. गाडी अडते ती पिनिंगपाशी, म्हणजे कोणत्या भांडाराला प्राधान्य द्यायचं हे पॅकेज बसवणाऱ्या ॲप्टला सांगण्यापाशी, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी 'ऐच्छिक' म्हणून उरकलेली असते. ती ऐच्छिक नाही. उबंटूच्या पोकळ पॅकेजची आवृत्ती '1:1स्नॅप1' अशी सुरू होते. ':' या चिन्हाआधीचा तो 1 म्हणजे इपॉक, आवृत्त्यांची तुलना करताना सगळ्यात आधी पाहिला जाणारा आकडा. मोझिलाच्या आवृत्तीला इपॉक नसतो, म्हणजे तो 0 धरला जातो. म्हणून फायरफॉक्सचा आकडा शंभराच्या वर असला तरी ॲप्टच्या हिशेबात उबंटूचंच पॅकेज 'नवं' ठरतं.

/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये 'मोझिला' नावाची फाइल करा. तीन ओळी पुरतात: पॅकेज: *, पिन: ओरिजिन पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग, पिन-प्रायॉरिटी: 1000. आकडा किमान 1000 हवा. काही जण 990 लिहायला सांगतात. पोकळ पॅकेज आधीच बसलेलं असेल तर 990 ने काहीच होत नाही, कारण वरच्या आवृत्तीवरून खाली यायला ॲप्ट 1000 पासून पुढेच तयार होतं.

ओरिजिनपुढे फक्त यजमानाचं (भांडाराच्या सर्व्हरचं) नाव येतं. तिथे 'एचटीटीपीएस' चिकटवलंत तर ॲप्ट चूक दाखवत नाही, पिन गुपचूप लागू होत नाही. फाइलच्या नावाला '.टीएक्सटी' लावलंत तर अख्खी फाइलच वगळली जाते.

त्याच फाइलमध्ये एक ओळ मोकळी सोडून दुसरा गट लिहा: पॅकेज: फायरफॉक्स, पिन: रिलीज ओ=उबंटू (इथे यू कॅपिटल), पिन-प्रायॉरिटी: -1. हा गाळलात तर आपोआप अद्ययावत करणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' तुमचा 1000 न जुमानता स्नॅप परत आणू शकतं. ब्राउझर नीट चाललेला असतो आणि एका सकाळी पुन्हा स्नॅप दिसतो, तो यामुळे.

आता 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि लगेच 'ॲप्ट-कॅश पॉलिसी फायरफॉक्स'. 'कँडिडेट'समोर (ॲप्ट जी बसवणार ती आवृत्ती) शेवटी 'बिल्ड' असलेली आवृत्ती दिसायला हवी. 'स्नॅप' हा शब्द दिसला तर पुढे जाऊ नका, पिनची फाइल पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स'. सोबत '-वाय' देणार असाल तर '--अलाउ-डाउनग्रेड्स'ही द्या, नाहीतर पोकळ पॅकेज बसलेल्या मशिनवर ॲप्ट तिथेच थांबतं. मराठी मेनूसाठी 'फायरफॉक्स-एल10एन-एमआर'.

चालवायला 'फायरफॉक्स &'. बुकमार्क गायब दिसले तर ते कुठे गेलेले नाहीत; नव्या ब्राउझरने नवी प्रोफाइल उघडलेली असते. 'फायरफॉक्स -पी' (कॅपिटल पी) देऊन जुनी निवडा. सुडो लावून मात्र ब्राउझर कधीही सुरू करू नका. एसएसएचवरून (दुसऱ्या मशिनवरून जोडलेल्या टर्मिनलमधून) 'डिस्प्ले' नसल्याची तक्रार आली तर पॅकेजमध्ये काही बिघडलेलं नाही, त्या सत्राला पडदाच नाही. नुसतं पानाचं चित्र हवं असेल तर 'फायरफॉक्स --हेडलेस --स्क्रीनशॉट' आणि पुढे पत्ता. चित्र ज्या फोल्डरमध्ये आहात तिथेच पडतं.